धरणसाठ्याच्या शेजारी आणखी एक रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की हतनूरचे किती दरवाजे उघडले, गिरणा किती टक्के भरले, वाघूर किती, अक्कलपाड्यातून पांझरेत किती क्युसेक सोडले, हे आपल्या अंकात रोज छापून येते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या लोकांना हे आकडे तोंडपाठ असतात. पाणी किती आहे ते कळते, पण ते कसे आहे हे कुठेच छापून येत नाही. धरणसाठ्याच्या तक्त्याशेजारी पाण्याच्या तब्येतीचा एक रकाना सुरू व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे. असा रकाना चुकीच्या पद्धतीने भरला तर तो दिशाभूल करील. म्हणून आकडे कसे घ्यायचे, ते कुठे चुकतात आणि का, हे जरा तपशिलाने लिहितो.

खान्देशाला किनारा नाही, तरी हा विषय समुद्राचाही आहे. तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतच्या पुढे डुमसजवळ खंबातच्या आखाताला मिळते. तिच्या सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरच्या खोऱ्यापैकी जवळपास चार पंचमांश भाग महाराष्ट्रात आहे. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, अनेर, गोमाई, बुराई या सगळ्यांचे पाणी शेवटी तिकडेच जाते. मध्ये १९७२ पासून उकाईचे धरण आहे. गाळ तिथे बसतो आणि गाळाबरोबर जाणारी सिलिकाही बरीचशी अडकते. शेतांतून आणि गटारांतून आलेला नायट्रेट मात्र पाण्यात विरघळलेला असतो, तो सहजासहजी अडत नाही. समुद्रातल्या माशांचे मूळ खाद्य म्हणजे डायटम नावाची सूक्ष्म शेवाळे, आणि त्यांना कवच बांधायला सिलिका लागते. नायट्रोजन वाढत गेला आणि सिलिका घटत गेली, की डायटमची जागा दुसरी, माशांना न चालणारी शेवाळे घेतात. चेन्नईचे राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्र देशाच्या किनाऱ्यावरचे पाणी तपासते. खाडीतला आकडा बिघडला तर त्याचे कारण वर शोधावे लागते, आणि वर म्हणजे आपल्याकडे.

सरकारी तपासणी होत नाही असे आमचे म्हणणे नाही. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या ठिकाणांहून नमुने घेते आणि निकाल प्रसिद्धही करते. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशभरातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, आणि तापी-गिरणेचे पट्टेही त्यांत होते. अडचण वेगळीच आहे. महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, एका जागेवरून घेतलेली बाटली आपल्याकडच्या नदीबद्दल फार थोडे सांगते. आपल्या नद्या बारमाही नाहीत. त्या चार महिने वाहतात, चार महिने पाझरतात आणि उरलेले चार महिने डोहांत उभ्या असतात.

सुरुवात विरघळलेल्या प्राणवायूपासून करू, कारण मासा जगेल की मरेल हे याच आकड्यावर ठरते. आंघोळीलायक पाण्यात तो लिटरला किमान ५ मिलिग्रॅम असावा लागतो. ३० अंश तापमानाला स्वच्छ पाणी जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू धरते आणि ४० अंशांना साडेसहापेक्षाही कमी. म्हणजे वैशाखात आपल्या नदीच्या हातात मुळातच फार शिल्लक नसते. त्यात डोह हिरवा झालेला असेल तर दुपारी शेवाळ प्राणवायू सोडते आणि मीटर १० किंवा १२ दाखवतो. तेच शेवाळ रात्रभर प्राणवायू खाते, आणि पहाटे साडेपाचला त्याच डोहात तो दीड-दोनवर आलेला असतो. दुपारी दोनचा नमुना घेऊन नदी उत्तम आहे असे लिहिणारा माणूस खोटे बोलत नाही, त्याची वेळ चुकलेली असते. म्हणून नियम असा हवा: प्राणवायू सूर्योदयापूर्वी मोजायचा, आणि आकड्यापुढे वेळ व पाण्याचे तापमान लिहायचे. या दोन नोंदी नसतील तर तो आकडा छापू नये.

मीटर नसेल तर विंकलरची जुनी पद्धत आजही भरवशाची आहे, आणि कोणत्याही कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात ती जमते. काचेचे घट्ट बूच असलेली ३०० मिलिलिटरची बाटली पाण्याखाली तिरपी धरून, बुडबुडा न राहू देता भरायची. पिपेटचे टोक पाण्यात बुडवून आधी २ मिली मँगनीज सल्फेट, मग २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडायचे. बूच लावून बाटली पंधरा-वीस वेळा उलटसुलट करायची. साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, तपकिरी बसला तर पाण्यात प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर तो संपलेला आहे, आणि एवढे काठावर उभ्या असलेल्या गावकऱ्यालाही डोळ्यांनी दिसते. साका बसल्यावर बाटली अंधारात ठेवली तर सहा-आठ तास टिकते. प्रयोगशाळेत २ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून साका विरघळवायचा, २०३ मिली पाणी घ्यायचे आणि ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करायचे, म्हणजे ते थेंबथेंब सोडत किती मिली लागले ते मोजायचे. पिवळा रंग फिका पडला की स्टार्चचे थेंब टाकायचे आणि निळा रंग नाहीसा होईपर्यंत जायचे. जितके मिली लागले तितके मिलिग्रॅम प्राणवायू, हिशेब इतका सरळ. दोन ठिकाणी घोटाळा होतो. बुडबुडा राहिला तर आकडा फुगतो. आणि अझाइड नसलेले जुने द्रावण वापरले तर सांडपाण्यातला नायट्राइट आकडा बिघडवतो. साका न बसवता साधी बाटली डिकीत टाकून दोन तासांनी मोजणे म्हणजे नदी सोडून बाटलीचा प्राणवायू मोजणे होय.

दुसरा आकडा बीओडी. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाईल, याचे ते माप. आपल्या देशात तो २७ अंशांवर तीन दिवस ठेवून काढतात. जुन्या पुस्तकांत २० अंश आणि पाच दिवस असे असते, त्यामुळे दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवण्याआधी पद्धत पाहावी. आंघोळीसाठी मर्यादा ३ मिलिग्रॅमची. पण नुसता बीओडी छापणे म्हणजे धरणाची टक्केवारी देऊन धरण केवढे आहे ते न सांगण्यासारखे. त्याला प्रवाहाची जोड लागते. सेकंदाला एक घनमीटर पाणी आणि लिटरला एक मिलिग्रॅम घाण, यांचा गुणाकार दिवसाला ८६.४ किलो होतो. हा एक आकडा लक्षात ठेवला की बाकीचा हिशेब कुणालाही करता येतो.

अमळनेरएवढे, लाखाच्या घरातले गाव घ्या. माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा धरला आणि त्यातले ८० टक्के गटारात गेले, तर रोज १ कोटी ८ लाख लिटर सांडपाणी होते. त्याचा बीओडी लिटरला २५० मिलिग्रॅम धरला तर नदीवर रोज २,७०० किलोचा बोजा येतो. प्रक्रिया न करता हे सोडले आणि नदी आंघोळीलायक राहायला हवी असेल, तर तिच्यातून सेकंदाला सुमारे साडेदहा घनमीटर, म्हणजे ३६५ क्युसेकच्या पुढे निर्मळ पाणी सतत वाहायला हवे. बोरीत वर्षातले किती दिवस एवढे पाणी असते, ते अमळनेरकरांना सांगायला नको. तेच सांडपाणी प्रक्रिया करून १० मिलिग्रॅमवर आणले तर बोजा १०८ किलोवर येतो आणि १५ क्युसेकमध्ये भागते. सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालू आहे की बंद, याची सगळ्यात सोपी परीक्षा हीच. केंद्राच्या वरचा आणि खालचा बोजा काढावा, फरक लगेच दिसतो.

प्रवाह मोजायला महागडे यंत्र लागत नाही. नदीचा सरळ, दगड-झुडपे नसलेला २० मीटरचा पट्टा निवडावा. अर्धी भरलेली प्लास्टिकची बाटली धारेत सोडून वेळ घ्यावी, पाच वेळा. वाऱ्याच्या दिवशी हे करू नये. पृष्ठभागावरचे पाणी तळापेक्षा जोरात पळते, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणावे. पात्र १२ मीटर रुंद, सरासरी खोली ०.४ मीटर आणि बाटलीला ५० सेकंद लागले असतील, तर प्रवाह सेकंदाला १.६ घनमीटर, म्हणजे ५७-५८ क्युसेक. खोली एकाच जागी मोजून सरासरी म्हणून लिहिणे ही नेहमीची चूक. काठापासून काठापर्यंत दर मीटरला काठी बुडवावी. तापीवर केंद्रीय जल आयोग सावखेडा, गिधाडे आणि सारंगखेड्याला प्रवाह मोजतो. पाण्याचा नमुना त्याच दिवशी आणि त्याच पुलावरून घेतला, तर बोजा काढायला वेगळा खर्चच पडत नाही. आज प्रवाहाचा आकडा एका कार्यालयात राहतो आणि बीओडीचा दुसऱ्या, म्हणून त्यांचा गुणाकार कुणी करत नाही.

गिरणेबाबत एक गोष्ट खास लक्षात ठेवावी. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी धरणातून नदीपात्रात आवर्तन सुटते. आवर्तनाच्या दिवशी घेतलेला नमुना गिरणेचा नसतो, तो धरणाचा असतो. जामदा बंधाऱ्याच्या खाली चार दिवस पाणी स्वच्छ दिसते. आवर्तन थांबले की दहा दिवसांत तेच डोह काळवंडतात आणि बाया वाळूत झिरे खोदून पाणी भरू लागतात. नोंदवहीत 'आवर्तन सुरू' की 'बंद' हे लिहिलेच पाहिजे, आणि दोन्ही स्थितींतला किमान एकेक नमुना हवा. झिऱ्याचे पाणीही तपासावे, कारण प्यायला तेच जाते. वाळूचा थर जाड असेल तर तो पाणी गाळून देतो. वाळू उपसून खडक उघडा पडला असेल तर गाळणारे काहीच उरत नाही.

जागेचेही तसेच. नाल्याचे पाणी नदीत पडले की लगेच मिसळत नाही. ते काठ धरून बरेच अंतर जाते. संगमाच्या खाली एका काठावरून नमुना घेतला तर नदी स्वच्छ निघेल, समोरच्या काठावरून घेतला तर गटार. पाण्यातले क्षार सांगणारा खिशातला विद्युतवाहकता मीटर येथे कामी येतो. पात्राच्या पाव, अर्ध्या आणि पाऊण रुंदीवर मोजावे. तिन्ही आकडे दहा टक्क्यांच्या आत आले तर पाणी मिसळले आहे, नाहीतर आणखी खाली जावे. मीटर वापरण्यापूर्वी १४१३ मायक्रोसिमेन्सच्या प्रमाण द्रावणात रोज जुळवावा. न जुळवलेला मीटर महिन्याभरात भरकटतो आणि वापरणाऱ्याला कळतही नाही.

सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशाच्या बॅरेजांनी तापीचे तिथे तलाव केले आहेत. वरचे पाणी ऊन खाऊन गरम व हलके राहते, तळाचे थंड पाणी वर येत नाही आणि तळातला गाळ त्यातला प्राणवायू संपवून टाकतो. पुलावरून बादली सोडून वरचे पाणी काढले तर हे दिसत नाही. दरवाजे उचलले की पाणी खालून सुटते, आणि मग खालच्या गावांत वास येतो, मासे तरंगतात. बॅरेजवर दोन नमुने हवेत, एक पृष्ठभागाखाली ३० सेंटिमीटरवरचा आणि एक तळापासून मीटरभर वरचा. त्यासाठी वजन बांधलेली, दोरीच्या झटक्याने बूच उघडणारी बाटली लागते. ती कोणताही वेल्डर करून देईल.

सगळ्यात महत्त्वाचा दिवस मात्र मासिक वेळापत्रकात कधीच सापडत नाही. तो म्हणजे मृगाच्या पहिल्या पुराचा दिवस. आठ महिने नाल्यांच्या तळाशी साठलेला काळा गाळ, उकिरडे, शेतातले खत आणि फवारणीचे उरलेसुरले, हे सगळे पहिले दोन-चार तास एकदम नदीत येते. पाणी वाढलेले दिसते, लोक पूर पाहायला पुलावर जमतात, आणि त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू शून्याकडे चाललेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेले मासे दिसतात आणि कुणीतरी विष टाकले अशी आवई उठते. कधी ते खरेही असते. पण पुराच्या पहिल्या बारा तासांत दर दोन तासांनी नमुना घेतलेला असेल तरच ते ठरवता येते. बाटल्या, रसायने आणि माणसांच्या पाळ्या मेअखेरीलाच तयार ठेवाव्यात. पूर आल्यावर धावाधाव करून हाती लागतो तो उतरत्या पुराचा नमुना, आणि तोवर गाळ पुढच्या गावाला गेलेला असतो.

मासे मरण्याचे आणखी एक कारण अमोनिया, आणि तो पीएचशी, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे त्या आकड्याशी, जोडून वाचावा लागतो. ३० अंशांना पीएच ७ असेल तर अमोनियाचा जेमतेम एक टक्का भाग विषारी रूपात असतो. पीएच ९ झाला की हाच भाग ४५ टक्क्यांच्या आसपास जातो. हिरव्या डोहात भर दुपारी शेवाळामुळे पीएच ९ ला टेकतो. म्हणून प्राणवायू पहाटे मोजायचा, तर पीएच आणि अमोनिया दुपारी. दोन्ही एकाच फेरीत उरकणाऱ्याच्या हातून एक धोका निसटतोच.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यासाठी नायट्रेट वेगळा धरावा. येथे अहवालांत एक चूक वारंवार होते. काही प्रयोगशाळा 'नायट्रेट' देतात, काही 'नायट्रेटमधला नायट्रोजन' देतात. पिण्याच्या पाण्याची ४५ मिलिग्रॅमची मर्यादा पहिल्यासाठी आहे. दुसऱ्या प्रकारचा आकडा ४.४३ ने गुणल्याशिवाय तिच्याशी ताडून पाहू नये. अहवालात १२ दिसले आणि ४५ च्या आत म्हणून सोडून दिले, तर प्रत्यक्षात ते ५३ असू शकते. गावोगाव महिलांना शिकवून दिलेल्या तपासणी संचांत नायट्रेटची चाचणी असते. तीच महिन्यातून एकदा विहिरीबरोबर नदीलाही लावता येईल.

प्रकाशा, चांगदेव, मुडावद येथे लोक श्रद्धेने स्नान करतात. तिथे जंतूंची मोजणी आधी हवी. १०० मिलीत विष्ठाजन्य कोलिफॉर्म ५०० पर्यंत असणे इष्ट, २,५०० ही शेवटची मर्यादा. ही चाचणी पूर्ण व्हायला दोन ते चार दिवस जातात, म्हणजे पर्वणीच्या आदल्या दिवशी घेतलेल्या नमुन्याचा निकाल यात्रा उठल्यावर येतो. नमुना आठवडाभर आधी घ्यावा. बाटली निर्जंतुक असावी, ती नदीच्या पाण्याने विसळू नये (बाकीच्या चाचण्यांसाठी तीनदा विसळतात, इथे नाही), तोंड प्रवाहाकडे धरून भरावी आणि बर्फाच्या पेटीतून न्यावी. २४ तासांच्या पुढचा नमुना टाकून द्यावा. शहाद्याहून नाशिकला बाटली नेण्यापेक्षा ही सोय आपल्याच भागात हवी. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ गिरणेकाठीच आहे आणि तिन्ही जिल्ह्यांत त्याची महाविद्यालये आहेत. दर दहा नमुन्यांमागे एक दुबार नमुना आणि एक निव्वळ शुद्ध पाण्याची बाटली न सांगता मिसळून दिली, की प्रयोगशाळेचे काम किती खात्रीचे आहे ते कळते.

रकान्याच्या शेवटच्या ओळीत डुमसचा आकडा असावा, अशी आमची इच्छा आहे. तो वाचण्याची रीत निराळी. खारे पाणी मुळातच कमी प्राणवायू धरते. २५ अंशांना गोड्या पाण्यात तो सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसात. त्यामुळे किनाऱ्यावर आंघोळीच्या पाण्यासाठी मर्यादाही ४ मिलिग्रॅमची आहे, पण कोलिफॉर्मची मर्यादा मात्र १०० इतकी कडक. शिवाय भरतीला मोजले तर समुद्र दिसतो, ओहोटीला मोजले तर नदी. सुरतच्या कॉजवेखाली हा फरक काही तासांत पडतो. म्हणून ओहोटीच्या अखेरीचा आकडा आपला समजावा आणि त्यापुढे तिथी लिहावी, कारण अमावास्या-पौर्णिमेची भरती अष्टमीपेक्षा मोठी असते.

आपल्याकडून अपेक्षा एवढीच, की दर सोमवारी धरणसाठ्याशेजारी सहा ओळींची जागा द्यावी: हतनूर, भुसावळच्या खाली, गिरणा संगमाच्या खाली, धुळ्याच्या खाली पांझरा, प्रकाशा आणि डुमस. प्रत्येक ओळीत पहाटेचा प्राणवायू, बीओडी, प्रवाह क्युसेकमध्ये, आणि नमुन्याची तारीख व वेळ. ज्या आठवड्यात एखादी नदी आटलेली असेल त्या आठवड्यात ती ओळ गाळू नये. तिथे 'कोरडी' असे छापावे, आणि पात्रात गावाचे सांडपाणी तेवढे वाहत असेल तर 'कोरडी, सांडपाणी चालू' असे पूर्ण छापावे.

आपले नम्र,
तापी खोऱ्यात पाणी तपासणीचे काम करणारे काही वाचक
जळगाव, धुळे, नंदुरबार